मशाल आभासी, उजेड खरा: स्टुडिओतले दिवे अनरियलमधल्या दिव्यांशी कसे जुळवावेत

क्रोमाच्या, म्हणजे नंतर कापून टाकायच्या हिरव्या पडद्यासमोर मावळा उभा आहे. मागे अनरियल इंजिनात (संगणकावर त्रिमिती दृश्य जागच्या जागी बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बांधलेली गडाची देवडी, भिंतीत खोचलेल्या दोन मशाली, दगडांवर हलणारा तांबूस उजेड. आणि मावळ्याच्या गालावर मात्र बँकेच्या काउंटरवर असतो तसला सपाट, निश्चल उजेड. नेमकं काय खटकतंय ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण माणूस मागून चिकटवलाय हे त्याला लगेच कळतं. क्रोमा कितीही स्वच्छ कापला तरी हे झाकलं जात नाही.

यावरचा उपाय म्हणजे स्टँडवरचे खरे दिवे आणि इंजिनातले आभासी दिवे एकाच दोरीने नाचवायचे. आमच्या छोट्या स्टुडिओत हे कसं करतो ते सांगते. एक क्रोमा, एक कॅमेरा, अनरियल चालवणारा एक संगणक, आठ-दहा एलईडी दिवे, एवढंच भांडवल धरलंय. क्रोमाऐवजी मागचं दृश्य थेट दाखवणाऱ्या एलईडी भिंतीचा मोठा स्टुडिओ तुमच्याकडे असेल तर बरंचसं लागू पडेल, पण वेळेचा हिशेब उलटा होईल. तो पुढे येईलच.

मी मूळची नाटकाच्या लाईटची. एकांकिका, राज्य नाट्य, मग मालिका आणि आता हे. डिमरवर हात बसलेल्या माणसाला एक गोष्ट आधी दिसते: फेडर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची पट्टी, सरकवल्यावर दोन्हीकडचे दिवे हलायला लागले की लोक टाळ्या वाजवतात आणि काम झालं म्हणतात. जोडणी अर्ध्या दिवसात होते हो. एकाच आकड्याला दोन्हीकडे तेवढाच उजेड पडणं आणि तो एकाच फ्रेमला पडणं, खरी मेहनत तिथे आहे.

मालक एकच

पहिला प्रश्न: हुकूम कोण देणार? दोन मार्ग आहेत. एक, लाईटच्या डेस्कवरून सिग्नल निघतो आणि तो खऱ्या दिव्यांना आणि अनरियलला एकाच वेळी मिळतो. दुसरा, अनरियल स्वतःच सिग्नल पाठवतं आणि खरे दिवे त्याचं ऐकतात.

मुलाखत, बातम्या, गाण्याचा कार्यक्रम असेल तर डेस्क मालक ठेवा. तिथे माणूस ऐकत-बघत फेडर चालवतो, त्याच्या हातातून काढून घेऊ नका. कथेतला प्रसंग असेल, म्हणजे मशाल, चालती गाडी, ढगाआड जाणारा सूर्य, तर इंजिन मालक. कारण उजेड बदलण्याचं कारणच दृश्याच्या आत आहे.

दोघांना एकाच युनिव्हर्सवर, म्हणजे दिव्यांच्या चॅनलच्या एकाच गटावर, बोलू देऊ नका. आर्ट-नेट म्हणजे नेटवर्कच्या तारेतून दिव्यांचे आकडे पाठवायची पद्धत, आणि नोड म्हणजे ते आकडे दिव्यांच्या तारेत घालणारा डबा. हा नोड दोन ठिकाणचे सिग्नल आले की ते एकत्र करतो, बहुधा ज्याचा आकडा मोठा त्याचं ऐकतो. मग डेस्कवर कुणीतरी एखादा चॅनल २०० या आकड्यावर ठेवून विसरलेलं असतं आणि तुमची मशाल विझायलाच तयार नसते.

आणि सगळेच दिवे जुळवायच्या फंदात पडू नका. आमच्या देवडीच्या प्रसंगात इंजिनाच्या ताब्यात दिवे होते फक्त तीन: दोन मशालींच्या जागी दोन रंगीत ट्यूब आणि चंद्राचा एक पॅनल. फिल (सावली भरून काढणारा दिवा) आणि मागून येणारी केसांवरची कड डेस्कवरून स्थिर. क्रोमाच्या पडद्यावरचे दिवे तर या खेळात आणायचेच नाहीत. पडद्याचा उजेड हलला की कापणी हलली आणि कडा सळसळायला लागल्या. ते दिवे वेगळ्या युनिव्हर्सवर टाका, ग्रँड मास्टरच्या (सगळे दिवे एकदम कमी-जास्त करणाऱ्या फेडरच्या) बाहेर ठेवा आणि डेस्कवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर लिहा: हात लावू नये.

तारा आणि पत्ते

डीएमएक्स म्हणजे दिव्यांना आकडे पाठवायची ठरलेली भाषा. तिच्या एका युनिव्हर्समध्ये ५१२ चॅनल, प्रत्येक चॅनल ० ते २५५. पूर्ण ५१२ चॅनल भरलेले असले तर सेकंदाला साधारण ४४ वेळा नवा आकडा जातो. आपण २५ फ्रेमला चित्रित करतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किमान एक ताजा आकडा मिळतो. पुरेसं आहे.

एका ओळीत ३२ पेक्षा जास्त उपकरणं लावू नका आणि शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर (ओळीचं टोक बंद करणारा प्लग) खोचा. माइकची केबल डीएमएक्सला वापरली तर छोट्या अंतरात चालते, पण दुपारी चारला, ऐन टेकमध्ये, दिवा झटके द्यायला लागतो आणि मग तासभर सगळे अनरियलला शिव्या घालतात.

संगणकापासून नोडपर्यंत नेटवर्कची तार. वायफाय नको, कितीही चांगलं असलं तरी. लाईटसाठी वेगळा स्विच ठेवा, स्टुडिओच्या इंटरनेटशी त्याचा संबंध नको. पत्ते हाताने द्या: मी संगणकाला २.०.०.१०, नोडला २.०.०.२०, डेस्कला २.०.०.३० आणि सबनेट मास्क २५५.०.०.० ठेवते. आर्ट-नेट ६४५४ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर चालतं. अनरियलमध्ये काहीच पोचत नसेल तर आधी विंडोजचं फायरवॉल बघा. बहुतेकदा चोर तिथेच सापडतो.

अनरियलमध्ये डीएमएक्स इंजिन, डीएमएक्स प्रोटोकॉल आणि डीएमएक्स फिक्स्चर्स हे प्लगइन चालू करा. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये पोर्ट तयार करा: डेस्क मालक असेल तर इनपुट पोर्ट, इंजिन मालक असेल तर आउटपुट पोर्ट. नेटवर्क कार्डाचा पत्ता तिथे स्वतः निवडा. संगणकात दोन कार्डं असली की तो हमखास चुकीचं उचलतो.

इथे एक जुना खड्डा आहे. आर्ट-नेटची युनिव्हर्स मोजणी शून्यापासून सुरू होते आणि एसएसीएनची, म्हणजे आर्ट-नेटसारख्याच दुसऱ्या पद्धतीची, एकपासून. डेस्कवाला म्हणतो पहिलं युनिव्हर्स, नोड म्हणतो शून्य, अनरियल स्वतःचं आतलं १ धरून बसतं. दिवे हलत नसतील, पण नोडवरचा दिवा लुकलुकत असेल, तर पोर्टच्या सेटिंगमध्ये बाहेरचा युनिव्हर्स क्रमांक एकने मागे-पुढे करून बघा. अनरियलच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये सिग्नल कुठे येतोय ते दिसतं.

मग डीएमएक्स लायब्ररी, म्हणजे कुठला दिवा कुठल्या चॅनलवर याची अनरियलमधली यादी. दिव्याच्या कंपनीची जीडीटीएफ फाइल (त्या दिव्याच्या चॅनलची मांडणी सांगणारी) मिळाली तर थेट आत घ्या, नाहीतर दिव्याचं मॅन्युअल घेऊन चॅनल हाताने भरा. खऱ्या दिव्यावर जो मोड निवडलाय तोच इथे हवा. एकाच दिव्याचे आठ-दहा मोड असतात आणि प्रत्येकात चॅनलची मांडणी वेगळी. डिमरला १६ बिट देणारा मोड असेल तर तोच घ्या. ८ बिटमध्ये २५६ पायऱ्या मिळतात आणि मशाल मंद होताना खालच्या टोकाच्या पायऱ्या कॅमेऱ्याला दिसतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ मिळतात, मग दिसत नाहीत.

एकाच आकड्याला एकच उजेड

आता मुख्य काम. आमचे लाईटवाले दादा पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, ट्यूब अर्धी केली, पण संगणकातली मशाल अर्धी वाटतच नाही." दादांचा डोळा बरोबर होता. ट्यूबचा डिमर स्क्वेअर कर्व्हवर होता. त्या कर्व्हवर फेडर ५० टक्क्यांवर आणला की प्रत्यक्षात उजेड २५ टक्केच पडतो, कारण ०.५ गुणिले ०.५. अनरियलमधली इंटेन्सिटी मात्र सरळ रेषेत चालते: अर्धा आकडा, अर्धा उजेड. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, एकत्र चूक.

उपाय दोन. दिव्याच्या मेनूत डिमर कर्व्ह लिनिअर करा, किंवा अनरियलच्या ब्लूप्रिंटमध्ये (चौकोन जोडून प्रोग्रॅम लिहायची सोय) आलेल्या ० ते १ च्या आकड्याचा वर्ग करून मग इंटेन्सिटीला द्या. मला दुसरा आवडतो. लिनिअर कर्व्हवर खालच्या टोकाला हाताला ताबा राहत नाही. पण कंपनीचा कर्व्ह छापल्यासारखाच असेल यावर विश्वास ठेवू नका. लाईट मीटर दिव्यापासून ठरावीक अंतरावर ठेवा, फेडर दहा-दहा टक्क्यांनी चढवा, लक्स लिहून घ्या आणि तेच बिंदू अनरियलच्या कर्व्ह अ‍ॅसेटमध्ये भरा. एकदा केलं की त्या मॉडेलसाठी कायमचं झालं. मोजण्याआधी दिवे वीस मिनिटं चालू ठेवा, कारण एलईडी गरम झाला की थोडा उतरतो.

पूर्ण उजेडाचा आकडा कसा जुळवायचा? सोपं गणित आहे. अभिनेत्याच्या चेहऱ्याच्या जागी मीटर धरा. समजा दिवा २ मीटरवर आहे आणि मीटर ५०० लक्स दाखवतंय. लक्सला अंतराच्या वर्गाने गुणा: ५०० गुणिले ४, म्हणजे २००० कँडेला. अनरियलमध्ये त्या दिव्याचं एकक कँडेला निवडा, २००० टाका आणि दिवा २०० युनिटवर ठेवा. अनरियलचं एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, त्यामुळे टेप जे सांगेल तेच टाकायचं. स्पॉटला ल्युमेन हे एकक देऊ नका. कोन बदलला की चेहऱ्यावरचा उजेडही बदलतो आणि तुम्ही चुकीच्या जागी शोधत बसता. मोठा मऊ पॅनल चेहऱ्याच्या अगदी जवळ असेल तर वर्गाचं हे गणित हलतं. पॅनलच्या लांबीच्या पाचपट अंतराच्या पुढे ते विश्वासाने वापरा.

यासाठी जमिनीवर शून्य बिंदू हवा. क्रोमाच्या फरशीवर हिरव्याच टेपची फुली मारा, अनरियलमधला शून्य तिथे आणा आणि सगळी मापं तिथून घ्या. आभासी मशाल फुलीपासून डावीकडे १८० आणि वर २२० सेंटिमीटरवर असेल तर खरी ट्यूब त्याच दिशेने, चौकटीबाहेर, शक्य तितकी त्याच उंचीवर. उजेड बरोबर आणि दिशा चूक असेल तर नाकाची सावली चुगली करते.

एक्स्पोजरचं काय? अनरियलचं ऑटो एक्स्पोजर बंद, सगळ्यात आधी. ते चालू असेपर्यंत वरचा सगळा हिशेब व्यर्थ, कारण तुम्ही दिवा वाढवता आणि इंजिन गुपचूप चित्र काळं करतं. मीटरिंग मॅन्युअल करा आणि अनरियलमधल्या आभासी सिने कॅमेऱ्याला खऱ्या कॅमेऱ्याचेच आकडे द्या. आमच्याकडे आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर ४, शटर १/५०. या आकड्यांना करड्या कार्डावर योग्य एक्स्पोजरसाठी साधारण ५०० लक्स लागतात, म्हणून मी कीचा, म्हणजे मुख्य दिव्याचा, उजेड तिथून सुरू करते. शटर १/५० ठेवण्याला आणखी एक कारण आहे: आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. स्वस्त एलईडी याउपरही पट्टे देत असेल तर मेनूत हाय फ्रिक्वेन्सीचा पर्याय शोधा. नसेल तर तो दिवा घरी पाठवा.

रंगाच्या बाबतीत एक लपलेली अडचण आहे. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विन, खरा पॅनल ५६००, आभासी दिवाही ५६००, तरी अनरियलमधला दगड किंचित पिवळट. कारण अनरियलच्या पोस्ट प्रोसेसमधलं (चित्रावर शेवटी होणाऱ्या संस्कारातलं) व्हाइट बॅलन्सचं तापमान मुळात ६५०० वर असतं. ते ५६०० करा, पिवळटपणा गेला.

मशालीचा रंग २००० केल्विनच्या आसपास. २७०० ते ६५०० चे बायकलर पॅनल तिथपर्यंत उतरत नाहीत, रंगीत ट्यूबच लागते. ती ट्यूब लाल-हिरवा-निळा मोडमध्ये चालवून अनरियललाही तेच तीन आकडे दिले तर रंग जुळेल असं वाटतं, पण जुळत नाही. ट्यूबमधला लाल डायोड आणि संगणकाचा लाल या वेगळ्या गोष्टी आहेत. ट्यूब केल्विनच्या मोडमध्ये चालवा. पांढरे डायोडही कामाला लागतात आणि त्वचा मातकट दिसत नाही. गाण्याच्या कार्यक्रमात गडद रंग लागतातच. तिथे चार-पाच ठरावीक रंग निवडा, प्रत्येक रंग मॉनिटरवर शेजारी-शेजारी बघून जुळवा आणि ते जोड लिहून ठेवा. सगळं रंगचक्र जुळवत बसू नका.

तपासणी डोळ्याने नको, वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या आलेखावर, करा. खरं १८ टक्के करडं कार्ड चेहऱ्याच्या जागी धरा. त्याच जागी आभासी गोळा ठेवा, रंग ०.१८. सगळं जोडून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या चित्राच्या, म्हणजे प्रोग्रॅम आउटच्या वेव्हफॉर्मवर दोघांची उंची सारखी हवी. खरं कार्ड अचानक जास्त काँट्रास्टी दिसलं तर कॅमेऱ्याचं चित्र अनरियलच्या टोनमॅपरमधून (इंजिनातला उजेड पडद्याच्या मापात बसवणाऱ्या पायरीतून) दुसऱ्यांदा शिजून निघतंय. कॅमेऱ्याचं चित्र टोनमॅपरनंतर जोडा. कार्डासोबत मी एक प्लास्टिकचा चेंडू ठेवते, मॅट पांढरा रंग मारलेला. कार्ड पातळी सांगतं, चेंडू दिशा आणि मऊपणा सांगतो. चेंडूवर उजेड संपून सावली सुरू होते ती कड खऱ्यावर पसरट आणि आभासीवर चाकूने कापल्यासारखी असेल, तर रेक्ट लाईटची (अनरियलमधल्या आयताकृती दिव्याची) लांबी-रुंदी खऱ्या पॅनलच्या मापाची नाही.

मशाल हलवणे

ब्लूप्रिंटमध्ये एक नॉइज, म्हणजे आपोआप अनियमित वर-खाली होणारा आकडा, तयार करा आणि त्यातून निघणारा एकच आकडा तीन ठिकाणी द्या: आभासी दिव्याला, ज्योतीच्या चमकीला आणि आउटपुट पोर्टमधून खऱ्या ट्यूबला. वेगवेगळे तीन नॉइज साधारण सारखे दिसतील असं म्हणणारे भेटतात. दिसत नाहीत.

नॉइजचे दोन थर ठेवा. एक संथ, सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांचा, वारा आल्यासारखा. दुसरा बारीक, सहा-सात हेलकाव्यांचा. २५ फ्रेमला सेकंदाला साडेबारापेक्षा जास्त हेलकावे पकडताच येत नाहीत. त्याच्या वर गेलात की मशाल न दिसता नुसतं फडफडणं दिसतं. उजेड शून्यावर कधी नेऊ नका, ६० ते १०० टक्क्यांत खेळवा. दोन मशालींना एकच नॉइज, पण वेगळ्या वेळेपासून सुरू केलेला. मग चेहऱ्यावर सावली डावी-उजवी होते आणि खरी गंमत येते. दिव्याच्या मेनूत डिमरचं स्मूदिंग असेल तर ते बंद करा, नाहीतर बारीक थर तो दिवाच गिळून टाकतो.

फ्रेमचा हिशेब

खरा दिवा पेटला की तो उजेड चेहऱ्यावर, तिथून कॅमेऱ्यात, कॅप्चर कार्डात, क्रोमा कापून चित्रात येतो. याला काही फ्रेम लागतात. आभासी दिवा मात्र इंजिनातच बसलाय, तो लगेच पेटतो. म्हणून क्रोमाच्या स्टुडिओत आभासी उजेड नेहमी पुढे पळतो.

मोजायची पद्धत: दोन्ही दिवे काळोखातून एका झटक्यात पूर्ण करा, प्रोग्रॅम आउट रेकॉर्ड करा आणि एडिटिंगला नेऊन एकेक फ्रेम पुढे सरका. भिंत उजळल्यानंतर किती फ्रेमने गाल उजळला? चार असतील तर चार गुणिले ४० म्हणजे १६० मिलिसेकंद. खऱ्या दिव्याला आकडा लगेच पाठवा आणि आभासी दिव्याला तोच आकडा चार फ्रेमने उशिरा द्या. ब्लूप्रिंटमध्ये एक अ‍ॅरे रांगेसारखा वापरला की झालं: नवा आकडा मागून आत, चार जुना पुढून बाहेर. इंजिन २५ लाच बांधलेलं असू द्या. ते ५० ने पळत असेल तर रांग आठची लागेल. डेस्क मालक असेल तरी हेच, फक्त आकडा इनपुट पोर्टमधून येतो. कॅमेरा ट्रॅकिंगलाही (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल इंजिनाला कळवण्यालाही) तोच उशीर द्यायचा असतो आणि आवाजालाही. पाच वेळा मोजून उत्तर कधी चार, कधी पाच येत असेल तर कॅमेरा आणि कार्ड एका जेनलॉकवर (सगळ्यांची फ्रेम एकाच ठोक्यावर चालवणाऱ्या सिग्नलवर) नाहीत. आधी ते करा.

एलईडी भिंतीसमोर उलट. तिथे भिंतीचं चित्र इंजिन, प्रोसेसर, पॅनल असं फिरून उशिरा पोचतं आणि ट्यूब आधीच पेटलेली असते. तिथे खऱ्या दिव्याला थांबवायचं. अनरियलच्या आउटपुट पोर्टमध्ये त्यासाठी डिलेचा रकाना आहे.

इंजिन कोसळलं तर

कोसळतंच. त्यासाठी दिव्यांच्या मेनूत सिग्नल गेल्यावर काय करायचं ते होल्ड वर ठेवा. ब्लॅकआउट ठेवलंत तर संवादाच्या मध्यात नट अंधारात. आणि नोड एसएसीएन समजत असेल तर इंजिन मालक असताना आर्ट-नेटऐवजी तेच वापरा, कारण त्यात अग्रक्रम देता येतो, ० ते २००, मुळात १००. एका युनिव्हर्सवर दोघांना बोलू द्यायची ही एकमेव रीत मला मान्य आहे. इंजिनाला १५० द्या आणि डेस्कवरून मशालीच्या रंगाची एक स्थिर पातळी १०० वर पाठवत राहा. इंजिनाचा सिग्नल गेला की अडीच सेकंदांनी नोड त्याला मेलेला समजतो आणि डेस्कचं ऐकायला लागतो. तालमीच्या वेळी एकदा मुद्दाम अनरियल बंद करून हे बघा, कारण काही स्वस्त नोड अग्रक्रम पाळत नाहीत आणि त्यांच्या खोक्यावर तसं लिहिलेलं नसतं.